मला सोडून पाहिलेले दोन भाग

वेंडेल प्रूइट खोटं बोलायला लागला की चष्मा पुसतो. टेस खोटं बोलताना नेहमीपेक्षा गोड होते. लाइल हॉस्टेटलर यांना खोटं बोलताच येत नाही, म्हणून अशा वेळी ते खात राहतात. आणि माझा नवरा ग्लेन खोटं बोलत नाही, तो नुसता गप्प बसतो. टोलीडो शहराच्या गाड्या-नोंदणीच्या कचेरीत मी इतकी वर्षं खिडकीमागे काढली आहेत, की 'गाडी आमच्या आजीची, आजी फक्त चर्चला जायची' असं म्हणणारा माणूस दारातून आत येतानाच मला ओळखू येतो. तरीही या चौघांनी माझ्याच तळघरात, माझ्याच हातचं जेवत, एक अख्खी संध्याकाळ मला बनवलं. त्याचा राग मला आहे, आणि तो शांत व्हावा अशी माझी काही इच्छा नाही.

आम्ही दर शुक्रवारी जमतो, ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, पाहतो आणि त्यात जे शिजतं ते खातो. हे मी सुरू केलं तेव्हा टेस बालवाडीत असेल. कुणाचा तरी चुलतभाऊ नौदलात होता, तो जपानहून कॅसेटी पाठवायचा. कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. माणसं हिरवी दिसायची, खाली इंग्रजी अक्षरं नसायची, कोण कुणाला का मारतंय हे आम्ही बहुमताने ठरवायचो. आता सगळं घरबसल्या दिसतं, पण नियम तेच ठेवलेत. एका शुक्रवारी एकच भाग. पुढचा कुणी एकट्याने पाहायचा नाही. आणि या भागात जो पदार्थ झाला तो आपण पुढच्या शुक्रवारी करायचा, म्हणजे आपलं ताट पडद्याच्या एक पाऊल मागे चालतं.

कामं वाटलेली आहेत. लाइल जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाले, पण स्टिअरिंग सुटत नाही. ते दर गुरुवारी मिशिगनमध्ये नोव्हायला जातात आणि तिथल्या जपानी दुकानातून सामान आणतात. टेस लोकांचे दात साफ करते आणि शुक्रवारी निळे, गुलाबी, कधी चंदेरी केसांचे टोप घालून येते. वेंडेल शाळेत रसायन शिकवतो आणि आमच्या तळघरात उच्चार शिकवतो. कुणी त्या जपानी दारूला 'साकी' म्हणालं की तो डोळे मिटून, एखाद्या अंत्यविधीला आल्यासारखा, 'साके' म्हणतो. ग्लेन खुर्च्या लावतो. स्वयंपाक माझा.

या वेळची मालिका गिसुके नावाच्या म्हाताऱ्याची होती. तलवार टाकून दिलेला माणूस, नदीच्या उतारावर खाण्याची गाडी लावतो. बरोबर नाओ नावाची एक मुलगी आणि एक म्हातारा कुत्रा. प्रत्येक भागात एक गिऱ्हाईक आणि एक पदार्थ, आणि पदार्थ कोणता हे गिऱ्हाईक येईपर्यंत गिसुकेलाही माहीत नसतं. सांगायला काही नाही, पण आम्ही पाचही जण त्या गाडीपाशी रांगेत उभे असल्यासारखे ते पाहत होतो.

शेवटचे तीन भाग राहिले असताना लायमा गावी माझी आई बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. मला जावं लागलं, दोन शुक्रवार बुडणार होते.

"आम्ही तुझ्याशिवाय बघू?" टेसने माझी बॅग गाडीत ठेवताना विचारलं. "वेडी आहेस का? तू ये, मग बघू. आम्ही थांबतो."

"थांबतो," वेंडेल म्हणाला. चष्मा पुसला नाही. म्हणजे तेव्हा तरी तो खरं बोलत होता.

तिकडे इस्पितळात मी दोन आठवडे फोनवर बातम्यासुद्धा उघडल्या नाहीत, कारण हल्ली लोक मालिकेचा शेवट हवामानाच्या अंदाजासारखा वाटत सुटतात. आईच्या शेजारच्या पेशंटचा नातू गिसुकेचं चित्र असलेला टी-शर्ट घालून आला. माझ्या पिशवीवरचा त्याच मालिकेचा बिल्ला बघून तो खुलला, म्हणाला, "अहो, तुम्ही पण? मग या आठवड्यात ते कुत्रं—" आणि मी कानांवर हात ठेवून बाहेर पळाले. नर्सला वाटलं, आईचं काही बरंवाईट झालं. इतकं मी सांभाळलं. कुणासाठी? माझ्यासाठी नाही. परत जाऊन त्या चौघांच्या शेजारी कोऱ्या मनाने बसता यावं म्हणून.

मी आले त्या आठवड्यात जपानात सुट्ट्या होत्या, नवा भाग नव्हता. शुक्रवारी साठलेले दोन पाहायचे आणि शेवटचा पुढच्या शुक्रवारी, असं ठरलं. मागच्या भागात भाताचे गोळे विस्तवावर भाजलेले होते, तेच मी केले. वर सोया सॉस लावून तव्यावर खरपूस. लाइल पिशवी घेऊन आले, ती स्वतःच फ्रीजमध्ये ठेवली. लोणचं काढायला मी फ्रीज उघडला तर आत गोबो. हातभर लांब, मातकट, एखाद्या झाडाचं मूळ उपटून आणावं तसं दिसतं ते.

"लाइल, हे कशाला आणलंत?"

"ताजं दिसलं," लाइल म्हणाले आणि अख्खा भाताचा गोळा तोंडात घातला.

मी काही मनावर घेतलं नाही. दोन आठवड्यांनी घरी आलेली बाई, आपल्या माणसांत, आपल्या तळघरात. माझं डोकं तेव्हा खिडकीमागे नव्हतं.

पहिला भाग लागला. कुत्रा मेला. तो कसा मेला हे सांगत नाही, कारण सांगू नये हे निदान मला तरी कळतं. टेसने दोन्ही हात तोंडावर नेले आणि "नाही! नाही!" म्हणाली. वेंडेल म्हणाला, "अरे देवा, हे अगदीच अनपेक्षित होतं." कुत्रा मेल्यावर 'अनपेक्षित' कोण म्हणतं? पण तेव्हा माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लाइल खात होते. ग्लेनने नॅपकिनमध्ये रणशिंग फुंकल्यासारखं नाक शिंकरलं, उठला, जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. मी मनात म्हटलं, बिचारा. परत आला तेव्हा मी त्याचा हात दाबला.

दुसरा भाग. पावसात एक बाई गाडीपाशी येते, तिच्या नवऱ्याच्या गावचं काहीतरी मागते. गिसुके खाली बसतो, टोपलीतून एक लांब, मातकट मूळ काढतो आणि सुरीच्या पाठीने खरवडायला लागतो.

मी पडद्याकडे पाहिलं. मग लाइलकडे. लाइल चावायचे थांबले होते.

मी चित्र थांबवलं. गिसुकेची सुरी अधांतरी राहिली.

"लाइल," मी म्हटलं, "माझ्या फ्रीजमध्ये काय आहे?"

"दूध असेल," लाइल म्हणाले.

"दुधाच्या बाजूला?"

"ए डार्ला," टेस अगदी मधात बुडवून म्हणाली, "किती योगायोग ना! लाइलना बाई कळतं कसं कोण जाणे. चल, लाव ना पुढे, माझा जीव वर-खाली होतोय."

जीव वर-खाली होतोय! मी वेंडेलकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. शर्टाच्या टोकाने, एक काच, मग दुसरी, मग परत पहिली.

"कधी पाहिलेत?" मी विचारलं.

तोंडातला घास गिळून लाइल म्हणाले, "टेसकडे. आम्ही शेवटी पाहिलेल्या भागात गोबो होतं, मला वाटलं आज तेच शिजणार. माझा घोटाळा झाला, डार्ला. तू काय पाहिलंयस आणि आम्ही काय पाहिलंय, याचा हिशोब मला राहिला नाही."

"लाइल!" टेस ओरडली. आता गोडवा संपला होता.

"दोन्ही पाहिले?"

"दोन्ही," लाइल म्हणाले.

"अगं, आमच्या दवाखान्यात तो नवा डॉक्टर आलाय ना," टेस म्हणाली, "तो पेशंटचं तोंड उघडं ठेवून मालिकेची सगळी गोष्ट सांगत बसतो. मी काय कानांत बोळे घालून लोकांचे दात घासू? आज ना उद्या त्याने सांगितलंच असतं. म्हटलं, त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण बघून घेऊ."

"तू बघून घ्यायचंस. बाकीच्यांचे दात कोण घासत होतं?"

"तांत्रिकदृष्ट्या," वेंडेल म्हणाला, "नियम मोडला असं म्हणता येणार नाही. एकट्याने पाहायचं नाही, असा नियम आहे. आम्ही एकट्याने पाहिलं नाही."

"वेंडेल, तू परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना हेच सांगतोस का? चार जणांनी मिळून केली तर चालेल?"

"मी फक्त नियमाचा अर्थ सांगतोय."

"आणि ते 'अनपेक्षित' काय होतं? तेही नियमात आहे?"

उत्तर लाइलनी दिलं. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला एकदा सुरुवात करू दिली की तो थांबतही नाही. "टेस म्हणाली, डार्लाला वाईट वाटायला नको, तर आपण पहिल्यांदाच बघतोय असं करू. परवा आम्ही एकदा करून बघितलं. मला 'अरेरे' म्हणायचं होतं. मला जमेना. मग टेस म्हणाली, तुम्ही नुसतं खा."

तालीम! माझ्या तोंडासमोर करायच्या हुंदक्यांची यांनी टेसच्या सोफ्यावर बसून तालीम केली होती. कुणी कधी तोंडावर हात न्यायचा, कुणी 'अरे देवा' म्हणायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. दोन भाग पाहिले याची नव्हे, खरं सांगते. माणसाला मोह होतो. एखादा म्हणाला असता, 'डार्ला, आम्हाला राहवलं नाही', तर मी दोन शिव्या घातल्या असत्या, एक भांडं आपटलं असतं आणि वाढायला घेतलं असतं.

"आम्ही तुझ्यासाठीच केलं गं," टेस म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता खरं पाणी होतं, आणि त्याचीही मला चीड आली. "तुझं काय गेलं? तुला तर काहीच माहीत नव्हतं. तुझा आनंद तसाच्या तसा होता."

"माझं काय गेलं? सांगते काय गेलं. मला गोष्टच बघायची असती तर मी लायमाला आईच्या उशाशी बसून बघितली असती. कुत्रा मेला तेव्हा या खोलीत एकटी मीच रडत होते, आणि तुम्ही बसून मला बघत होतात. म्हातारी आता रडेल, आता रडेल. मी तुमची मालिका झाले होते."

मी ग्लेनकडे वळले. तो भिंतीकडच्या खुर्चीत बसून आपले बूट बघत होता.

"आणि तू?"

"मला माहीत होतं," ग्लेन म्हणाला. "पण डार्ला, मी—"

"एक शब्द नको."

"डार्ला, ग्लेन तर—" लाइल म्हणाले.

"लाइल, तुम्ही खा!" मी ओरडले. मग ग्लेनकडे. "टेसचं मी समजू शकते. ती बाई टोप घालून जगते. पण तू? नाक काय शिंकरलंस, जिन्याकडे तोंड काय केलंस! चोरीची गाडी घेऊन येणारेसुद्धा तुझ्यापेक्षा बरं नाटक करतात. सगळ्यांत टुकार तुझं होतं. आणि मी तुझा हात धरला. हात धरला मी तुझा!"

ग्लेनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्याने हातातला नॅपकिन नीट घडी करून ताटात ठेवला आणि तो वर निघून गेला.

बाकीच्यांना मी दाराबाहेर काढलं. लाइलनी जाताना गोबो मागितलं नाही, एवढी अक्कल त्यांना होती. मग मी खाली येऊन तो भाग एकटीने पुरा केला. गिसुकेने काय खरवडलं, काय शिजवलं, त्या बाईने एक घास खाऊन काय म्हटलं, मला काही कळलं नाही.

नंतरच्या आठवड्यात घरात मीठ, किल्ल्या आणि कचऱ्याचा डबा एवढ्यांवरच बोलणं झालं. ग्लेनने सफाई दिली नाही. मी मनात म्हटलं, अपराधी माणूस सफाई काय देणार. त्याच्या गप्प बसण्याची मला सवय आहे, आणि सवयीच्या गोष्टीकडे आपण पुन्हा निरखून बघत नाही.

टेसने एके दिवशी दारात डबा ठेवला. आत भाताचा चेहरा, समुद्री शेवाळाचे कापलेले डोळे, गाजराचं तोंड, आणि गालांवरून ओघळणारे तिळाचे अश्रू. हात चांगला आहे तिचा, नाही म्हणत नाही. मी आधी डोळे खाल्ले.

वेंडेलने पत्रासारखा लांबलचक मेसेज पाठवला. त्यात 'खेद' तीनदा होता आणि 'माफ कर' कुठेच नव्हतं.

आईचा फोन आला, तो ग्लेनने उचलून माझ्या हातात दिला. "ग्लेनचा आवाज असा का येतोय? काय झालं?"

मी सांगितलं.

"कार्टूनसाठी?" आई म्हणाली. "पन्नाशी उलटली तुझी, डार्ला. कार्टूनसाठी नवऱ्याशी अबोला?"

"आणि तू? तुझ्या दुपारच्या मालिकेतला तो बुडालेला भाऊ परत येणार, असं नर्सने आधीच सांगितलं, तेव्हा तू तिच्या अंगावर भांडं फेकलंस. मी तिथेच होते."

"फेकलं नाही. सरकवलं."

"खोली पुसायला माणूस बोलवावा लागला, आई."

"ते वेगळं. त्यात खरी माणसं असतात," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. म्हणजे तिच्याकडूनही मला न्याय नव्हता.

राहिला होता फक्त शेवटचा भाग. तो जपानात मध्यरात्री येतो, म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी सकाळी, लोक कामावर असताना. तो कुणी म्हणजे कुणीच पाहिलेला नव्हता. टेसने गटावर लिहिलं, 'शेवटच्या भागाला तरी सगळे सारखेच कोरे आहोत ना, डार्ला? येऊ का?' खाली तीन हात जोडलेली चित्रं. तिचं खरं होतं. एवढी एकच गोष्ट शिल्लक होती, की पाच माणसं एका खोलीत बसतील आणि पुढे काय होणार हे एकालाही माहीत नसेल. गिसुकेपेक्षा मला त्याचीच भूक होती. म्हणूनच मी लिहिलं, 'या.'

आणि शुक्रवारी सकाळी कचेरीत डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, घरी राहिले आणि तो भाग एकटीने पाहिला.

कबूल करते की लावताना मला बरं वाटलं. म्हटलं, आता बघा. आता मी तुमचे चेहरे बघणार. शेवट चांगला होता. गाडी नाओ चालवायला लागते, आणि एक दिवस गिसुके नेहमीच्या सवयीने गाडीमागे जायला लागतो तर ती त्याला डोळ्यांनीच दाखवते, की रांग तिकडे आहे, शेवटी उभा राहा. जन्मभर लोकांना वाढलेला तो म्हातारा पिशवी सावरत मुकाट्याने रांगेच्या टोकाला जातो. मी खळखळून हसले आणि 'अगदी लाइल!' असं म्हणायला बाजूला वळले. बाजूला घडी करून ठेवलेल्या खुर्च्या होत्या. मग राग आला, तो त्या चौघांवर की खुर्च्यांवर, मला सांगता येणार नाही. पुढचं मी पाहिलं, पण दात आवळून.

दुपारी मी गोबो काढलं. या शुक्रवारचा पदार्थ तोच होता. सुरीच्या पाठीने साल खरवडली, काड्यांसारखे बारीक तुकडे केले, पाण्यात टाकले, मग तिळाच्या तेलावर परतून सोया सॉस आणि साखर घातली. चौघांसाठी आणि माझ्यासाठी पोटभर. कुणाला घरी बोलावून उपाशी ठेवणं मला जमत नाही. बोलावून दुसरं काय करता येतं, ते मी योजून ठेवलं होतं.

सातला सगळे आले. टेसने टोप घातला नव्हता. आपल्या खऱ्या, पिंगट केसांत ती एखाद्या बँकेत नोकरीला असल्यासारखी दिसत होती. लाइलनी वाकून भाजीचा वास घेतला. "आम्ही पडद्यावर पाहिली त्याहून झकास!" म्हणाले आणि जीभ चावली. वेंडेल ताट वाढून घेताना "गोबोऽ" म्हणाला, पण हळूच. हळूहळू त्यांची भीड चेपली. टेस हसलीसुद्धा. ग्लेन कामावरून थेट खाली आला, त्याने खुर्च्या मांडल्या, माझी खुर्ची नेहमीप्रमाणे आपल्या उजव्या हाताला. आठवड्यात पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "लावायचा?" त्याने विचारलं.

"लाव," मी म्हटलं. "मी सकाळीच पाहिला."

लाइलचा काटा ताटात वाजला.

"चेष्टा करतेस," टेस म्हणाली.

"चेष्टा कशाला? छान आहे शेवट. तुम्ही बघा. मी तुमच्याकडे बघते. मला नाटक करता येत नाही, तेव्हा 'अरे देवा' वगैरे माझ्याकडून नको."

"डार्ला, हा सूड आहे," टेस म्हणाली. "हा चक्क सूड आहे."

"मग काय वाढदिवस आहे?"

"ठीक आहे," वेंडेल म्हणाला. "आमच्याकडून एकदा, तुझ्याकडून एकदा. फिटंफाट."

"फिटंफाट," मी म्हटलं. माझ्या छातीत काहीतरी गरम आणि गोड पसरत होतं. आठवडाभर याचीच वाट पाहिली होती.

"आणि माझं काय?" ग्लेनने विचारलं.

तो उभा होता. हातात रिमोट. ग्लेन आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नव्हता, पण वेंडेलसुद्धा ताट खाली ठेवून त्याच्याकडे बघायला लागला.

"तुझं काय? तूही त्यांच्यातलाच."

"मी नव्हतो पाहिलं."

"ग्लेनने नव्हतं पाहिलं," लाइल म्हणाले. "त्या दिवशी मी तेच सांगत होतो, डार्ला. तू मला खा म्हणालीस. टेसने लावलं तसा हा उठला आणि बाहेर आपल्या गाडीत जाऊन बसला. दोन्ही भाग होईपर्यंत. आम्ही बोलवायला गेलो तर बेसबॉलची मॅच ऐकत होता, म्हणाला, मी डार्लाबरोबर बघणार."

"आम्हीच त्याच्या पाया पडलो," टेस म्हणाली, "की तिला सांगू नको, तिचं मन मोडेल. तो म्हणत होता, सांगून टाका."

मी ग्लेनकडे पाहिलं. ते नाक शिंकरणं. जिन्याकडे केलेलं तोंड.

"मग तू बोलला का नाहीस?" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच, कारण खाली यायला त्याला जागाच नव्हती. "आठवडाभर घरात होतास! तोंड शिवलं होतं का?"

"बोलायला लागलो होतो. तू म्हणालीस, एक शब्द नको."

"म्हणून आठवडाभर?"

"तू सगळ्यांसमोर म्हणालीस की मी नाटक करत होतो." त्याच्या मानेवरची शीर उडत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी ती शीर फारशी पाहिलेली नाही. "मी रडत होतो, डार्ला. आपला जुना कुत्रा, बॉस्को, आठवला मला. इथे जो माणूस खरोखर रडत होता, त्यालाच तू टुकार म्हणालीस. लोकांची तोंडं वाचण्याचं काम करतेस ना तू? मग बायकोला माझं तोंड वाचता आलं नाही, ते मी कागदावर लिहून देणार होतो? म्हटलं, राहू दे. शुक्रवारी शेवटचा भाग आहे. तो तरी आपण दोघं एकदमच बघू. मी त्याचीच वाट बघत होतो. तू सकाळी उरकून घेतलास."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीस."

"चला, आपण जाऊ या का?" वेंडेल पुटपुटला.

"कुणी जायचं नाही," ग्लेन म्हणाला. "बसा. मला बघायचा आहे, आणि ज्यांना शेवट माहीत नाही त्यांच्याबरोबर बघायचा आहे." मग माझ्याकडे न बघता, "तू वर जा."

"ग्लेन, हे माझं तळघर आहे."

"तू माझ्या बाजूला बसून माझ्याकडे बघत राहशील. आता हसेल, आता रडेल. ते मला नकोय. वर जा."

त्याने माझी खुर्ची घडी करून भिंतीला लावली. टेसने मान खाली घातली. लाइलनी पहिल्यांदाच वाढलेलं ताट बाजूला ठेवलं.

मी वर आले. तळघराचं दार मी ओढून घेतलं नाही, त्यांनीच आतून लावलं. सिंकमध्ये गोबोची साल पडली होती, ती गोळा केली. कढई घासली, स्वच्छ झाली, परत घासली. खालून मालिकेचं संगीत आलं, मग शांतता, मग एकदम हसण्याचा स्फोट. कुठे हसले ते मला बरोबर कळलं. "अगदी लाइल!" टेस ओरडली. त्यावर लाइल काहीतरी बोलले, ते काही मला दारातून ऐकू आलं नाही, आणि सगळे परत हसले. सगळ्यांत मोठ्याने ग्लेन.

संपल्यावर मंडळी तळघराच्या मागच्या दाराने बाहेर पडली. कुणी स्वयंपाकघरात डोकावलं नाही. ग्लेन ताटं घेऊन वर आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने ताटं सिंकमध्ये ठेवली, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभा राहिला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"तुला माहीतच आहे," ग्लेन म्हणाला. मग हात पुसून त्याने कचऱ्याचा डबा उचलला आणि तो बाहेर ठेवायला गेला.